घरात पाईप फुटला, पाणी भरलं: आधी मेन स्विच, मग कॉक

गेल्या काही वर्षांत आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच नळ आला. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्याच्या आगेमागे घरकुलं झाली, बोअर झाले. त्याआधी हापशीवरून नाहीतर विहिरीवरून गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी आणायचं, त्यामुळे घरात सांडलं तरी ते गुंडभरच. आता अंगणात नळ, स्लॅबवर पाचशे किंवा हजार लिटरची टाकी, बोअरवर मोटर आणि न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीत गाडलेला पाईप. यातलं काही फुटलं की घरात गोंधळ उडतो, कारण हे बंद कसं करायचं ते कुणी शिकवलेलंच नसतं. पाईप टाकणारा काम संपलं की निघून जातो आणि कॉक कुठे बसवला हेही पुष्कळदा सांगून जात नाही.

घरकुलात नुकतेच राहायला गेलेले, बदलीवर खेड्यात येऊन भाड्यानं राहणारे शिक्षक आणि आरोग्यसेविका, शहर सोडून गावाकडच्या जुन्या घरात परतलेले, अशांसाठी हे लिहितो आहे. माझं सांगणं मुख्यतः एकच आहे. वाहतं पाणी दिसलं की आपला हात आधी पाण्याकडे जातो. तो आधी विजेकडे गेला पाहिजे, आणि त्यानंतर नजर भिंतीकडे. पाण्यानं सामान खराब होतं, पण करंटनं आणि खचलेल्या भिंतीनं माणूस जातो.

पाण्यात पाय टाकण्याआधी

शेजारून आरडाओरडा ऐकू आला म्हणून धावत जावं तर चित्र बहुतेक सारखंच असतं. काकू पदर खोचून गंजानं (पातेल्यानं) पाणी उपसत असतात, पोरं घोट्याएवढ्या पाण्यात नाचत असतात, आणि त्याच पाण्यात फ्रीजची वायर लोळत असते. "काकू, मेन बंद केला का?" "थांब ना बापू, पह्यले पाणी त बाहेर काढू दे!"

नाही काकू, आधी सगळे बाहेर. पोरं, म्हातारी माणसं, सपरीत बांधलेली शेळी, सगळ्यांना अंगणात कोरड्या जागी आणा. मग एकाच माणसानं, पायात कोरडी रबरी चप्पल घालून, कोरड्या हातानं मेन स्विच पाडायचा.

मीटर आणि मेन स्विच बहुतेक घरांत ओसरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर असतो. तिथपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच जा. मीटरची भिंत ओली झाली असेल, बोर्डावरून पाणी ओघळत असेल, किंवा साचलेल्या पाण्यातून चालत जावं लागणार असेल, तर मेनला हात लावायचाच नाही. लाईनमनला फोन करा. तो उचलत नसेल तर महावितरणचा १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ हा टोल फ्री नंबर लावा आणि वीज खांबावरून तोडून मागा. बांबूनं खांबावरची वायर पाडायचा उद्योग कुणालाही करू देऊ नका. ओल्या बांबूतूनही करंट उतरतो.

दोन गोष्टी इथे नेहमी सुटतात. पहिली म्हणजे इन्व्हर्टर. मेन पाडला तरी इन्व्हर्टर बॅटरीवरून घरातल्या काही बोर्डांना वीज देतच राहतो. तो कोरड्या जागी असेल तर त्याचंही बटण बंद करा. पाण्यात असेल तर त्या खोलीत जाऊच नका. दुसरी गोष्ट लोडशेडिंगची. वीज गेलेलीच आहे म्हणून माणसं बिनधास्त पाण्यात उतरतात आणि ती मध्येच परत येते. वीज नसली तरी मेन पाडायचाच.

एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा छोटा स्विच, पडला असेल तर त्यानं त्याचं काम केलं आहे. तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असेल आणि तार जळली असेल तर त्या वेळी नवी तार घालू नका, जाड तार तर कधीच नाही.

चालताना पायाला झिणझिण्या आल्या तर पुढचं पाऊल टाकू नका. पाय न उचलता, घासत घासत आल्या वाटेनं मागे या. कुणी करंटला चिकटलं तर त्याला हातानं ओढायचं नाही. आधी वीज तोडा. ते शक्यच नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरपासून ढकला. मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरानं दाबत राहा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, रुग्णवाहिका येईपर्यंत. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. करंटचा हृदयावरचा परिणाम मागाहूनही दिसू शकतो.

कूलरबद्दल वेगळं सांगतो. पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा आपल्याकडे घरोघरी लोखंडी कूलर चालतो, आणि उन्हाळ्यात घरात पाणी सांडण्याचं सगळ्यात धोक्याचं ठिकाण तोच आहे. टाकीचा तळ गंजतो, पाणी फरशीवर पसरतं, पंपाच्या वायरचा जोड ओला होतो आणि अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. अनवाणी पोरगं त्याला नुसतं टेकलं तरी पुरतं. कूलरखाली ओल दिसली की कूलरला हात न लावता आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि त्यानंतरच जवळ जा. बटण ओल्या जागेत असेल तर मेन पाडा. पाणी भरतानाही कूलर बंद आणि प्लग बाहेर, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या.

पाणी येतंय कुठून?

वीज बंद झाली की मग पाणी. ते बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून येतं, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी ठरल्या वेळी येतं आणि जातं. पाणी सोडलेलं असतानाच धार लागली असेल तर गळती त्या पाईपावर आहे. अंगणात नळाजवळ कॉक असेल तो बंद करा. कॉकच्या आधीच फुटलं असेल तर ते आपल्या हातात नाही. पंचायतीच्या जलसुरक्षकाला किंवा पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन करून व्हॉल्व्ह बंद करायला सांगा. तोवर फुटक्या जागेवर गोणपाट टाकून वर दगड ठेवा, म्हणजे धार घराच्या भिंतीवर आदळणार नाही, आणि फावड्यानं छोटी नाली काढून पाणी उताराकडे वळवा. विजेच्या खांबाजवळ मात्र सब्बल (पहार) चालवायची नाही.

टाकीचं पाणी टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. टाकीच्या बुडाशी निघणाऱ्या पाईपवर गेट कॉक असतो, तो उजवीकडे फिरवून बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो. त्याला पान्हा लावून जोर करू नका, दांडा तुटला की होतं तेही जातं. त्यापेक्षा न्हाणीतले आणि अंगणातले सगळे नळ सोडा. टाकी लवकर रिकामी होईल आणि पाणी जिथे जायला हवं तिथेच जाईल. बकेटी, गुंड, ड्रम भरून घ्या, मे महिन्यात ते पाणी वाया घालवण्यासारखं नसतं. टाकी वरून भरून वाहत असेल तर टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल कॉक बहुधा अडकलेला असतो. मोटर बंद करा, नळाचं पाणी सरळ टाकीत चढत असेल तर खालचा कॉक बंद करा, आणि मिस्त्री येईपर्यंत टाकीच्या तोंडावर आडवी काठी ठेवून बॉलचा दांडा दोरीनं वर बांधून टाका. झाकण परत लावायला विसरू नका.

स्लॅबवर चढण्याआधी एक हिशेब डोक्यात ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ती लोखंडी स्टँडवर किंवा विटांच्या ओट्यावर ठेवली असेल आणि गळतीनं खालची जागा खचली असेल, तर तिच्याखाली किंवा तिच्या कलत्या बाजूला उभं राहू नका. नळ सोडून लांबूनच ती रिकामी होऊ द्या.

मोटरच्या पाईपावर फुटलं असेल तर आधी मोटर बंद, मग कॉक. मोटर चालू असताना पुढचा कॉक दाबला तर पाईपात दाब वाढतो आणि पाईप दुसरीकडे उडतो, नाहीतर पंप तापतो. मोटरचा स्टार्टर ओला असेल तर त्याला हात न लावता मेनवरूनच बंद करा.

पाणी पंख्याच्या दांड्यावरून किंवा दिव्याच्या होल्डरमधून टपकत असेल तर मात्र ते कुठून येतंय हे शोधत बसू नका. मेन पाडा आणि खोली सोडा.

मातीची भिंत असेल तर

विटा-सिमेंटच्या घरात पाणी उपसून टाकलं की बहुतांश काम झालं. जुन्या मातीच्या घरात, मग ते वऱ्हाडातलं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) असो की भंडारा-गोंदियाकडचं कवेलूचं (कौलारू), खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कारण मातीची भिंत लगेच पडत नाही. ती पायथ्याकडून पाणी ओढत राहते, आतून मऊ होते, आणि सगळे निश्चिंत होऊन झोपले की रात्री बसते. वरचं लाकूड आणि कवेलू तिच्याच डोक्यावर असतात.

म्हणून पाणी थांबल्यावर भिंत नीट बघा, आणि बाहेरूनच बघा. पायथ्याची माती फुगून बाहेर आली आहे का? नवा तडा आहे का, विशेषतः कोपऱ्यात आणि दाराच्या वर? कालपर्यंत सहज लागणारं दार आज चौकटीत अडकतंय का? भिंतीतून बारीक माती झरते आहे का, आढ्याचं लाकूड करकरतंय का? यातलं एक जरी दिसलं तरी त्या खोलीत कुणी जायचं नाही. सामान काढायलासुद्धा नाही. पोत्यांची थप्पी भिंतीला लागून असेल तर ती ओढायचा मोह होतो, आणि त्याच थप्पीच्या आधारानं भिंत उभी असू शकते. बल्ल्यांचा टेकू लावायचा तर गावातल्या जाणत्या मिस्त्रीकडून, बाहेरच्या बाजूनं.

काहीच दिसलं नाही तरी पायथा हातभर भिजला असेल तर त्या भिंतीला लागून कुणाचंही अंथरूण घालू नका, भिंत पूर्ण वाळेपर्यंत. गोठ्याची भिंत तीच असेल तर जनावरंही दुसरीकडे बांधा. दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या. ओल्या मातीवर घाईघाईनं सिमेंटचा गिलावा चढवणं हे सगळ्यात वाईट. वरून भिंत कोरडी दिसते, आतली ओल कोंडते आणि माती आतल्या आत सुटते. वाळल्यावर माती-भुश्याचाच लेप द्या.

जमीन भिजली की बिळांतले जीवजंतूही बाहेर येतात. विंचू, साप, त्यात रात्री फिरणारा मण्यार. पोत्यांमागे, चुलीमागे, फडताळाखाली हात घालण्याआधी काठीनं हलवा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. चावलंच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ बोलवा आणि सरकारी दवाखाना गाठा.

तात्पुरता बांध: सायकलची ट्यूब

प्लंबर तालुक्याहून यायचा म्हणजे आज-उद्या होणारच. पाईपाला चीर गेली असेल तर तोवर चालवता येईल असा उपाय जवळपास प्रत्येक घरात असतो.

कॉक बंद करून पाईपातलं पाणी ओघळू द्या. पाईप कापडानं खडखडीत पुसा. सायकलची जुनी ट्यूब लांबीत कापून दोन बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी काढा. चिरेच्या चार बोटं आधीपासून गुंडाळायला सुरुवात करा. पट्टी रबर पांढुरकं दिसेपर्यंत ताणायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. ढिला वेढा म्हणजे न गुंडाळलेलाच. चिरेपलीकडे चार बोटं जा, तसंच ताणत मागे या, आणि शेवट बारीक तारेनं किंवा पट्टी क्लॅम्पनं आवळा. मग कॉक अर्धाच सोडून बघा. थेंब थेंब आला तर चालेल, खाली बकेट ठेवा. धार आली तर पट्टी सोडून परत बांधा.

एम-सील वापरायचं असेल तर दोन्ही गोळे एकच रंग येईपर्यंत मळा. साधं एम-सील वाहत्या पाण्यावर धरत नाही. पीव्हीसीचं सोल्युशनही ओल्या पाईपावर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. पाईप कोरडा करून जोड बसवा आणि रात्रभर पाणी सोडू नका.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या गावांत, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल तर त्याला हात लावताना जपून. खाऱ्या पाण्यानं तो आतून खाल्लेला असतो. बाहेरून धड दिसतो, पण पान्हा लावून पिळला की जोडाशीच मोडतो आणि छोट्या गळतीची मोठी होते. तो भाग बदलणंच बरं.

पक्की दुरुस्ती करताना पाईप पुन्हा तसाच काळ्या मातीत गाडू देऊ नका. काळी माती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पहिल्या पावसात फुगते. या ओढाताणीत जोड सुटतात, म्हणून तर मृग लागला की गावभर पाईप फुटतात. पाईपाच्या खाली-वर रेती किंवा बारीक मुरूम भरून घ्या. उघड्यावरून नेलेला पीव्हीसी पाईप उन्हानं काही वर्षांत ठिसूळ होतो, त्यावर निदान माती तरी टाका.

धान्य, कापूस आणि औषधं

वीज बंद आहे, भिंत धड आहे, एवढं पक्कं झाल्यावरच सामानाला हात लावा.

त्यातही पहिल्यांदा औषधं बघा, म्हणजे फवारणीची. आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटल्या आणि पुड्या पुष्कळ घरांत कोपऱ्यात, खाटेखाली पडलेल्या असतात. त्यावरून पाणी वाहिलं असेल तर त्या पाण्यात विष आहे असंच धरा. पोरं आणि जनावरं लांब ठेवा, हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधून बाटल्या उचला, आणि ते पाणी विहिरीकडे, नालीकडे किंवा गोठ्याकडे जाऊ देऊ नका. ज्या धान्याला ते लागलं ते माणसांनाही नाही आणि गुरांनाही नाही.

भिजलेला कापूस ढिगात ठेवला की आतून तापतो आणि पिवळा पडतो. ओला वेगळा काढून ताडपत्रीवर पातळ पसरा. सीसीआयच्या (भारतीय कपास निगमच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, १२ च्या वर घेतच नाहीत. म्हणून कोरड्यात ओला मिसळून सगळ्याचाच भाव पाडून घेऊ नका. सोयाबीन आणि तूर त्याच दिवशी उन्हात घाला. बियाण्याचं सोयाबीन भिजलं असेल तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण बघाच. बुरशी आलेले शेंगदाणे आणि पीठ फेकून द्या, धुऊन किंवा भाजून बुरशीचं विष जात नाही.

पिण्याचं पाणी

फुटलेल्या पाईपातून पाणी नुसतं बाहेर जात नाही. पाणी बंद झालं की रिकामा पाईप बाहेरचं गढूळ पाणी आत ओढतो, आणि आपल्या गल्लीत पाईप पुष्कळदा नालीच्या कडेनंच गेलेला असतो. कुणी नळाला थेट मोटर लावत असेल तर ही ओढ आणखी वाढते. हगवण, कावीळ आणि टायफॉईड गावात शिरायची ही एक नेहमीची वाट आहे.

दुरुस्तीनंतर आलेलं पहिलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोडून द्या, झाडांना घाला. पुढचे काही दिवस पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच घ्या, किंवा क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. पाण्याला वास किंवा रंग असेल तर जलसुरक्षकाला सांगून तपासून घ्या. कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा, आणि आशाताईंना कळवा.

वीज परत कधी सुरू करायची

फरशी कोरडी झाली म्हणजे बोर्ड कोरडे झाले असं नाही. भिंतीतल्या नळीत आणि बोर्डाच्या डब्यात पाणी बराच काळ राहतं. भिजलेले बोर्ड वायरमननं उघडून, वाळवून, तपासून दिल्यावरच मेन वर करायचा, तोही सगळे एमसीबी खाली ठेवून, मग एकेक वर करत. पाण्यात बसलेला फ्रीज, पंप, गिरणीची मोटर दाखवल्याशिवाय लावू नका. वायरमन आलाच आहे तर त्याच्याकडून ३० मिलीअँपची आरसीसीबी बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. करंट गळू लागला की ती क्षणात वीज तोडते. घरात एकच खर्च करायची ऐपत असेल तर मी हाच करायला सांगेन.

आज करून ठेवायचं

घरातले सगळे कॉक शोधा आणि त्यांवर लाल रंगाचा ठिपका द्या. महिन्यातून एकदा ते बंद करून उघडा, म्हणजे जाम होणार नाहीत. लाईनमन, वायरमन, प्लंबर, पाणी सोडणारा, १९१२ आणि १०८ हे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण फोन चार्ज नसतो आणि पोरांना नंबर पाठ नसतात. एका पिशवीत ट्यूबची पट्टी, तार, टेफ्लॉन टेप, दोन एंड कॅप, पक्कड आणि बॅटरी ठेवा.

आणि हे सगळं आजीला आणि पोरांना दाखवा. पेरणी-वेचणीच्या दिवसांत कर्ती माणसं सकाळपासून वावरात असतात आणि नळ दुपारी येतो, तेव्हा घरात तीच असतात. त्यांना कॉक फिरवायला लावू नका. पाणी दिसलं की पाण्यात पाय न टाकता बाहेर यायचं, ओट्यावर बसायचं आणि शेजारच्यांना हाक मारायची, एवढंच त्यांचं काम. शेजारच्या घरालाही आपला मेन आणि आपला कॉक कुठे आहे ते दाखवून ठेवा, आणि त्यांचा तुम्ही बघून या.